मुखवट्याला शोभेल असा चेहरा

माणूस तोंड उघडण्याच्या आत त्याचा चेहरा बोलून मोकळा होतो, ही निसर्गाची मनुष्यजातीवर मोठीच कृपा आहे. त्यामुळे माणसाला काही विचारत बसण्याचा वेळ वाचतो. इतर शहरांत लोक 'मूळचे कुठले?' असं विचारतात, उत्तर ऐकतात आणि त्यावर विश्वासही ठेवतात. पुण्यात तो प्रश्न केवळ सौजन्य म्हणून विचारायचा असतो. समोरचा उत्तर देईपर्यंत आपलं ठरलेलं असतं, आणि त्याचं उत्तर आपल्याशी जुळलं नाही तर आपण त्याला मोठ्या मनाने क्षमा करतो.

कोथरूडच्या आमच्या 'सद्भाव सहकारी गृहरचना संस्था मर्यादित' या संस्थेने ही कला रीतसर समितीच्या पातळीवर नेली. ('मर्यादित' हा शब्द कायद्याने घालावा लागतो, पण आम्हाला तो मनापासून मान्य आहे.) इतर सोसायट्यांत पाणी, पार्किंग आणि कुत्री या विषयांवर समित्या असतात. त्या आमच्याकडेही आहेत, पण त्यांच्या हातून काही होत नाही. चेहरा-परीक्षण उपसमिती मात्र सतत कार्यरत असते.

या उपसमितीच्या जन्माला एक दुःखद प्रसंग कारणीभूत आहे. आमची सांस्कृतिक समिती दर वर्षी एकेका प्रांताचा दिन साजरा करते. पंजाब दिनाच्या दिवशी फेटा बांधलेले एक उंचेपुरे, दाढीवाले गृहस्थ गेटातून आत येताच त्यांना हाताला धरून व्यासपीठावर नेण्यात आलं. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि दोन वाट्या छोले स्वीकारून ते निघून गेले. नंतर समजलं की ते हडपसरचे संभाजी होते, मित्राच्या लग्नातून थेट आमची लिफ्ट दुरुस्त करायला आले होते आणि सत्काराने संकोचून परत गेले. लिफ्ट आठवडाभर बंद राहिली.

या प्रकरणातून समितीने योग्य तो धडा घेतला. तो असा, की बघणाऱ्याची नजर अधिक तयार हवी. (त्यांना आधी विचारायला हवं होतं, असं एका सभासदाचं म्हणणं पडलं. ते इतिवृत्तातून वगळण्यात आलं.)

उपसमितीच्या प्रमुखपदी श्री. बद्रीनाथ खांबेटे यांच्याखेरीज दुसरं नाव पुढे येणं शक्यच नव्हतं. खांबेटे बँकेत होते. चेकवरची सही नमुन्याशी ताडून पाहण्यात त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर सह्या संपल्या, तेव्हा ते चेहऱ्यांकडे वळले. बागेतल्या बाकावर बसून ते समोरून जाणाऱ्याचा जिल्हा सांगतात, आणि माणूस जवळ आला तर तालुका. नाक, रंग, डोळे, केस आणि चप्पल अशी त्यांची तपासणीची पद्धत आहे. (चप्पल हा केवळ पूरक पुरावा.) गेल्या वर्षी त्यांनी एकशे बारा चेहरे तपासले आणि त्यांचा निर्णय एकदाही चुकला नाही. निर्णयाची खातरजमा करण्याचं कामही त्यांच्याकडेच आहे. काही जणांनी हुज्जत घातली, आपण कुठले ते आपल्याला ठाऊक आहे असं म्हणाले. पण याबाबत उपसमितीचं धोरण स्पष्ट आहे. आपल्या मुळाविषयी माणूस स्वतः बोलतो तेव्हा तो पक्षपाती साक्षीदार असतो.

यंदा ऑगस्टच्या नऊ तारखेला, जागतिक आदिवासी दिनी, सोसायटीत कार्यक्रम करायचं ठरलं. खरा आदिवासी कलावंत मिळावा म्हणून सूचनाफलकावर कागद लावला. त्यावर बी विंगमधली तनुजा रिसबूड सभेला येऊन म्हणाली, "मी करते. मी नरसिंहाचं सोंग घेते."

तनुजा ही एका औषध कंपनीत नोकरी करणारी, गोरी, घाऱ्या डोळ्यांची, धारदार नाकाची मुलगी. वडील दत्तप्रसाद रिसबूड मूळचे नारायण पेठेतले. तिने जे सांगितलं ते असं. तिची आई मुक्ताताई अकोले तालुक्यातल्या डोंगरातली, महादेव कोळी समाजाची. तिथे बोहाडा नावाचा उत्सव असतो. देवांचे आणि राक्षसांचे मोठाले मुखवटे घालून संबळाच्या तालावर गावासमोर नाचायचं, आणि कोणतं सोंग कोणत्या घराने घ्यायचं याचा मान ठरलेला. नरसिंहाचा मान तिच्या आजोबांच्या, संपत गभाले यांच्या घराचा. गावात सोंगं पुरुषच घेतात; पण सुट्टीत गेल्यावर आजोबांनी अंगणात नाच शिकवायला नातवाला हाक मारली तेव्हा नातू मोबाइलवर होता, म्हणून नात शिकली. आता गावाने नवा मुखवटा केला, आणि जुना, कागदाच्या लगद्याचा, आजोबांनी तिला दिला.

"महादेव कोळी? वॉव!" सांस्कृतिक समितीच्या अध्यक्षा प्रियदर्शनीताई आनंदून म्हणाल्या. "मग मी होडीचा सेट करते. आणि फिशची टोपली. डोक्यावर घेशील ना?"

"काकू, आम्ही डोंगरातले. माझ्या आजोबांनी समुद्र टीव्हीवर पाहिलाय."

होडी रद्द करण्यात आली. टोपलीचा विषय राखून ठेवण्यात आला.

मग खांबेट्यांनी चष्मा पुसला आणि तनुजाला खिडकीच्या उजेडात उभं राहायला सांगितलं.

"कोकणस्थ," ते म्हणाले. "संशयाला जागा नाही."

"बाबा आहेत ना. पण मी आईवर गेलेय. घारे डोळे आजोबांचे आहेत."

"अगं, घारे डोळे हा आमचा, म्हणजे कोकणस्थांचा, प्रांत आहे. तू मनाने कितीही आदिवासी असलीस, तरी लोकांना पटलं पाहिजे."

"पण काका, माझ्या तोंडावर मुखवटा असणार आहे!"

"आणि तो काढल्यावर?" खांबेटे म्हणाले.

या युक्तिवादावर सभेत माना डोलल्या. मुखवट्याला शोभेल असा चेहरा मुखवट्याखाली असला पाहिजे, असा ठराव बहुमताने संमत झाला.

इथे मुक्ताताईंविषयी सांगणं आवश्यक आहे. लग्न होऊन त्या सोसायटीत आल्या तेव्हा 'मूळच्या कुठल्या?' या प्रश्नाला त्या खरं उत्तर देत. एकीने त्यांना पापलेटची कृती विचारली. दुसरीने 'अकोले' ऐकून विदर्भातल्या उन्हाबद्दल सहानुभूती व्यक्त केली. (अकोले आणि अकोला यांत आठ-नऊ तासांचं अंतर आहे, पण ते कोथरूडहून सारखंच दिसतं.) बाकीच्या सगळ्यांनी एकच वाक्य म्हटलं, "अय्या, वाटत नाही हं अजिबात!" ही स्तुती असते. ती ऐकून समोरच्याने आभार मानावेत अशी अपेक्षा असते. मुक्ताताईंनी काही वर्षं आभार मानले, मग 'नारायण पेठेतल्या' असं सांगायला सुरुवात केली, आणि त्यावर कुणीही काहीही म्हटलं नाही. चेहऱ्याशी विसंगत माहिती फार काळ टिकत नाही. सोसायटी ती विसरूनही गेली. पुढे त्यांच्या घारेपणाचे दाखले कोकणस्थांच्या पोरींना दिले जाऊ लागले.

तनुजाला हवं होतं ते एवढंच, की आईने एकदा तरी या सोसायटीत पहिल्या रांगेत बसून आपल्या बापाचा संबळ ऐकावा. मुक्ताताई म्हणाल्या होत्या, "मला नको गं बाई. पुन्हा तेच ऐकायचं. मी त्या दिवशी नारायण पेठेत जाऊन बसते." म्हणून तनुजाने गुपचूप आजोबांनाच बोलावलं. बाप संबळ घेऊन आला तर लेक घर सोडून जाणार नाही, असा तिचा हिशोब होता.

इकडे उपसमितीने आपलं कर्तव्य चोख बजावलं. तनुजाचा सख्खा भाऊ शुभंकर हडपसरच्या एका आयटी कंपनीत आहे. रंगाने काळा, केस कुरळे, नाक बसकं, बांधा दणकट. खांबेटे त्याला पाहून उभेच राहिले. "हा बघा! हा आईवर गेला!"

"काका, हा रंग रिसबुडांचा आहे," शुभंकर म्हणाला. "आमचे आजोबा, पणजोबा, काका, सगळे असेच. बाबा पण असेच आहेत. तुम्ही रोज बघता."

"तुझे बाबा फिरतीच्या नोकरीत होते. ऊन लागतं."

"आणि आई गोरी आहे त्याचं काय?"

"ती एवढी वर्षं कोथरूडात आहे," खांबेटे समजावणीच्या सुरात म्हणाले. "सावलीचा परिणाम."

प्रियदर्शनीताईंनी शुभंकरला आपादमस्तक पाहून "यू लुक सो ऑथेंटिक, यार!" असं प्रशस्तिपत्र दिलं आणि त्याच्या मापाचा पानांचा घागरा शिवायला टाकला. शुभंकरला संबळ आणि ताशा यांतला फरक कळत नाही. पण त्याने बहिणीकडे पाहिलं आणि हो म्हटलं. बहीण-भावाचं घरी काय ठरलं ते उघड आहे. मुखवट्याखाली कोण आहे हे मुखवटा काढेपर्यंत दिसत नाही, एवढी एकच गोष्ट उपसमितीच्या लक्षात आलेली नव्हती.

नऊ तारखेला संध्याकाळी पार्किंगमधल्या गाड्या हलवण्यात आल्या. (हा स्वतंत्र ऐतिहासिक प्रसंग होता, एक गाडी कुणाची हे अजून समजलेलं नाही.) नरसिंह खांबातून प्रकट होतो, तेव्हा खांब हवा, म्हणून 'येथे दुचाकी लावल्यास हवा सोडण्यात येईल' असा फलक असलेला खांब निवडला. आगीला बंदी असल्याने पलित्यांऐवजी टॉर्च ठरले. पानांचा घागरा कपडे बदलायच्या खोलीतून नाहीसा झाला तो झालाच.

गेटावर स्वागताला खांबेटे स्वतः उभे होते. रिक्षातून दोघे उतरले. एक संपत गभाले. गोरेपान, घारे, धारदार नाक, पांढरंशुभ्र धोतर, टोपी. दुसरे त्यांना एसटी स्टँडवरून घेऊन आलेले तनुजाचे सख्खे काका रंगनाथ रिसबूड, राहणार नारायण पेठ. काळेसावळे, कुरळ्या केसांचे, आणि म्हाताऱ्या माणसाला ओझं नको म्हणून संबळ आपल्या गळ्यात अडकवलेले.

पुढे काय झालं ते सुज्ञांस सांगणे न लगे. संपतरावांना हार घालून प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीत बसवण्यात आलं आणि रंगनाथरावांना मागच्या बाजूने, चपला काढायला लावून, कलावंतांच्या सतरंजीवर नेण्यात आलं.

"अहो, मी नारायण पेठेतला," रंगनाथराव म्हणाले.

"असं का? तिकडे कामाला का?" खांबेटे प्रेमाने म्हणाले.

यावर रंगनाथराव सतरंजीवर बसले. नारायण पेठेत मूर्खपणा मध्येच थांबवण्याची पद्धत नाही. तो शेवटपर्यंत बघतात.

प्रियदर्शनीताईंनी माईक त्यांच्यासमोर धरला. "दादा, तुमच्या भाषेत दोन शब्द बोला ना. प्लीज. अगदी तुमच्या जंगलातल्या भाषेत."

रंगनाथरावांनी माईक जवळ ओढला आणि त्यांची आजी गुहागराकडे जी चित्पावनी बोली बोलायची, तिच्यातली तीन-चार वाक्यं खड्या आवाजात म्हटली. त्या पार्किंगमध्ये निदान साठ कोकणस्थ बसले होते. एकालाही एक अक्षर कळलं नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. एका आजोबांनी डोळे मिटून 'काय गोडवा आहे, आणि आपण हे सगळं गमावलं' असे उद्गार काढले, आणि त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं.

नंतर प्रमुख पाहुण्यांना वनबांधवांना मार्गदर्शन करण्याची विनंती झाली. संपतराव हार सावरत उठले आणि म्हणाले, "म्या काय बोलू? माझा संबळ कुठं हाय? पोरगं थांबलंय तिकडं."

"सर किती डाउन टू अर्थ आहेत!" प्रियदर्शनीताई माईकवर म्हणाल्या. "मुद्दाम त्यांच्या भाषेत बोलतायत!"

पुन्हा टाळ्या झाल्या. संपतराव सतरंजीकडे निघाले, तर दोन स्वयंसेवकांनी त्यांना अदबीने परत खुर्चीत बसवलं. ते पुन्हा उठले, पुन्हा बसवले गेले. खांबामागे मुखवटा चढवून उभं असलेलं सोंग संबळाची वाट पाहत होतं. संबळ वाजल्याशिवाय सोंग बाहेर येत नाही, तसा रिवाजच नाही. निवेदकाने वेळ भरून काढण्यासाठी मासळीच्या टोपलीचा लिलाव पुकारावा, अशी चिठ्ठी आली. कार्यक्रम नाच न होताच संपणार, अशी चिन्हं दिसू लागली.

मुक्ताताई तोवर लिफ्टपाशी उभ्या होत्या. बाप येणार कळल्यावर त्या नारायण पेठेत गेल्या नव्हत्या, पण खुर्चीवरही बसल्या नव्हत्या. आता त्या सरळ मांडवात आल्या. आपल्या दिराच्या गळ्यातून त्यांनी संबळ काढला, बापाच्या गळ्यातला हार काढला आणि तिथे संबळ अडकवला.

"आबा, वाजवा," त्या म्हणाल्या. "नरसिंह कवाचा उभा हाय खांबामागं."

मुक्ताताईंच्या तोंडून ही बोली सोसायटीने कधी ऐकली नव्हती. मग त्यांनी माईक घेतला आणि आम्हा सर्वांच्या परिचयाच्या, शुद्ध तुपातल्या आवाजात म्हणाल्या, "हे माझे वडील, संपत गभाले. महादेव कोळी. मी यांची मुलगी, आणि मीही महादेव कोळीच. हे सतरंजीवर बसलेत ते माझे दीर, रंगनाथ रिसबूड. ते कोकणस्थ आहेत. त्यांना कुणीतरी खुर्ची द्या, त्यांचे गुडघे दुखतात."

एवढं बोलून त्या पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.

संबळ वाजला. अहवालात भावना नोंदवू नयेत असा संकेत आहे, पण तो संबळ असा वाजला, की ए विंगमधल्या कायम झोपलेल्या आजीसुद्धा ताठ बसल्या. खांबाआडून नरसिंह निघाला. लाल जीभ, ताठ आयाळ, मुखवटा एका बाजूला उंदराने थोडा कुरतडलेला. पहिल्याच उडीला हवा सोडण्याचा फलक खाली पडला. म्हातारा वाजवत होता, नरसिंह त्याच्याभोवती फिरत होता, आणि मुक्ताताई दोन्ही हातांनी मांडीवर ताल धरून ढसाढसा रडत होत्या, हसतही होत्या. आमचेही डोळे भरून आले. (पलिते नव्हते, त्यामुळे धुराचं कारण देता येत नाही.)

नाच संपल्यावर मुखवटा निघाला आणि खालून घामाने निथळणारी तनुजा बाहेर आली. शुभंकर सहाव्या मजल्याच्या गॅलरीतून शिट्ट्या मारत होता. आजोबा, लेक, नात असे तिघे शेजारी उभे राहिले. तेच नाक, तेच डोळे, एकाच छापाचे.

खांबेटे पुढे आले. ते मनाने वाईट नाहीत. मुक्ताताईंना नमस्कार करून ते कौतुकाने म्हणाले, "पण खरं सांगू का, वाटत नाही हं अजिबात!"

मुक्ताताईंनी डोळे पुसले. "वाटत तर तुम्हीही नाही, खांबेटे."

"काय?"

"मूर्ख."

पार्किंगमध्ये जो हशा उसळला, तो थांबवण्यासाठी राष्ट्रगीत लावावं लागलं.

पुढच्या सभेत उपसमितीने या घटनेचा अभ्यास केला. पद्धत बरोबर आहे, रिसबूड आणि गभाले कुटुंबांचे चेहरे सदोष आहेत, असा निष्कर्ष निघाला. तरीही खबरदारी म्हणून खांबेट्यांची एक चाचणी घेण्यात आली. जुने फोटो नावं झाकून त्यांच्यासमोर ठेवले. गोटा केलेल्या, उन्हात डोळे बारीक केलेल्या एका मुलाच्या फोटोवर ते बराच वेळ थांबले आणि ठामपणे म्हणाले, "हा आपल्यातला नाही." तो त्यांच्या स्वतःच्या मुंजीतला फोटो होता. त्याच संध्याकाळी त्यांनी राजीनामा दिला. सध्या ते बागेत बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बिचकत 'आपण मूळचे कुठले?' असं विचारतात, आणि उत्तर येईपर्यंत थांबतात. ही अवनती पाहवत नाही.

सबब उपसमितीच्या प्रमुखाची जागा रिक्त आहे. अर्ज मागवणार होतो, पण आता गरज राहिलेली नाही, कारण इथवर वाचत आलेल्या आपल्यासारखा लायक उमेदवार समोर आहे. आम्ही आमचं नाव सांगितलं नाही, जात सांगितली नाही, रंग, गाव, वय, बाई की बुवा, यातलं एक अक्षर सांगितलं नाही. तरी पहिल्या पानापासून आमचा चेहरा आपल्याला लख्ख दिसतोय. नाक ठरलंय, चष्मा ठरलाय, कोणत्या पेठेतून आम्ही कोथरूडला आलो तेही ठरलंय. आपली निवड एकमताने झालेली आहे, अभिनंदन. रविवारी सकाळी रुजू व्हायला या. ओळखपत्र आणायची आवश्यकता नाही. वर सोडायचं की नाही, ते गेटावरचा वॉचमन आपल्याकडे बघूनच ठरवेल.